कोळशातल्या छिद्रांचा माग

सुलतानपुरात कोळसा निघत नाही. लोणार तालुक्यातल्या या गावाच्या पोटात आहे तो काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या भागात विहीर खणली की कधी घट्ट दगड लागतो, कधी अंगभर भोके असलेला. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. काहींत पांढरे स्फटिकही भरलेले असतात, आणि हे सगळे नुसत्या डोळ्यांना दिसते.

शेजारच्या अकोला जिल्ह्यात, पारसच्या वीजकेंद्राच्या आवारात कोळशाचे ढीग लागलेले असतात. त्यातले ढेकूळ उचलून पाहिले तर तडे दिसतील, चकाकी दिसेल. भोक एकही दिसणार नाही. तरी एका ग्रॅम कोळशातल्या छिद्रांच्या भिंती उलगडल्या तर त्यांचे क्षेत्रफळ पुष्कळदा १०० चौरस मीटरच्या पुढे जाते. वणी-चंद्रपूर पट्ट्यातला कोळसा ढिगात पडल्या पडल्या तापतो, कधी आपोआप पेटतो, त्याचे एक मोठे कारण हेच. हवेतला प्राणवायू या छिद्रांतून आत शिरतो, कोळशाशी संयोग पावतो आणि त्यातली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही.

हा वर्धा खोऱ्याचा कोळसा जुन्या परिचयाचा. भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या ह्यूजने १८७७ साली या क्षेत्रावर सविस्तर ग्रंथ लिहिला. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. थर किती जाड, राख किती, हे त्या काळात मोजले जात होते. पोकळीचे माप पुढच्या पिढ्यांवर राहिले.

ते माप घ्यायचे साधन जिथून निघाले, त्या जागांमध्ये कोलकाता आहे, आणि हे फारसे कुणी सांगत नाही. १९३० साली, रामन यांना नोबेल मिळाले त्याच वर्षी, तिथे पी. कृष्णमूर्ती यांनी कार्बनच्या बारीक भुकटीसारख्या पदार्थांवर क्ष-किरण सोडले. मूळ किरणाच्या अगदी लगत एक पसरट झाक उमटलेली त्यांना दिसली. अमेरिकेत वॉरन यांनाही त्याच सुमारास असेच दिसले. या झाकेचे गणित १९३९ मध्ये फ्रान्सच्या आंद्रे गिनिए यांनी बसवले आणि नाव त्यांचे लागले. ते योग्यच, पण कृष्णमूर्ती तळटीपेतच राहिले याची चुटपुट लागते.

गणिताचा गाभा व्यस्त प्रमाणाचा आहे: रचना जितकी मोठी, तितका किरण कमी कोनात वळतो. अणूंमधले अंतर मोठ्या कोनांवर उमटते; काही नॅनोमीटरची छिद्रे एखाद-दोन अंशांच्या आत.

मधल्या काळात रोझलिंड फ्रँकलिन यांनी दुसरी वाट धरली. १९४२ पासून त्या ब्रिटनच्या कोळसा संशोधन संस्थेत होत्या. एकच कोळसा हेलियममध्ये आणि निरनिराळ्या द्रवांत ठेवून त्या त्याची घनता मोजत. मोठा रेणू छिद्राच्या अरुंद तोंडाशीच अडतो, छोटा आत जातो; कोळसा म्हणजे रेणूंची चाळणी, हे त्यातून उघड झाले. या रीतीची मर्यादा मात्र त्या तोंडातच आहे. जे छिद्र सगळीकडून बंद, तिथे कुठलाच वायू पोचत नाही. क्ष-किरणाला दार लागत नाही. त्याला फक्त घनतेतला फरक हवा, म्हणून बंद छिद्रही हिशेबात येते.

१९५४ मध्ये पीटर हर्श यांनी निरनिराळ्या प्रतींच्या कोळशांतून होणारे क्ष-किरणांचे विकिरण तपासले. १९८४ मध्ये बेल आणि श्मिट यांनी लिग्नाइटवर तोच प्रयोग लहान कोनांवर केला, तेव्हा छिद्रांच्या भिंती गुळगुळीत नाहीत, त्या अपूर्णमितीय आहेत असे निघाले. कितीही जवळून पाहा, खडबडीतपणा तसाच. भिंतीची मिती २ असायची, ती सुमारे २.५६ भरली.

एक पेच मात्र कायम आहे. खाणीतला कोळसा ओला असतो, आणि वाळवला की आकसतो, विशेषतः कमी प्रतीचा. वायूने मोजायचे तर आधी वाळवावाच लागतो, म्हणजे मोजण्याआधीच छिद्रे बदललेली. क्ष-किरण ओल्या नमुन्यातूनही जातात. पण पाण्याने भरलेल्या छिद्राची घनता भोवतालच्या कोळशाच्या जवळ येते, आणि किरणालगतची ती झाक फिकी पडते.