लिनक्सवर गेम का चालत नव्हते?

"लिनक्स चांगलंय रे, पण त्यावर गेम चालत नाहीत." आयटीत पाऊल टाकलेल्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं, नाहीतर स्वतः म्हटलेलं असतं. पुण्यातली दुकानं दुपारी बंद असतात, याच चालीवर. तपासायला कोणी जात नाही.

गंमत अशी की डूम हा गेम डॉसवर आला डिसेंबर १९९३ मध्ये, आणि १९९४ मध्ये तो लिनक्सवर चालत होता! लिनक्सची १.० आवृत्तीच मुळी मार्च १९९४ ची. म्हणजे बाळ नुकतं रांगायला लागलंय आणि हातात बंदूक. आयडी सॉफ्टवेअरमधल्या डेव्ह टेलरने हे पोर्टिंग केलं होतं. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये जॉन कारमॅकने डूमचा सोर्स कोड जगासाठी खुला केला, तेव्हा बाहेर आला तो लिनक्सचा कोड, डॉसचा नव्हे. कारण डॉस आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती, ती वाटता येत नव्हती. ही मालकीची भानगड लक्षात ठेवा, ती पुढे सारखी येणार आहे.

मग घोडं अडलं कुठे? तर डूम सगळं चित्र सीपीयूवर काढायचा आणि तयार चित्र मेमरीत ओतायचा. ग्राफिक्स कार्डाचं काम फक्त ते पडद्यावर दाखवायचं. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड आलं आणि चित्र काढायचं कामच कार्डाकडे गेलं. आता गेम म्हणणार, "हा त्रिकोण इथे काढ, त्यावर हे टेक्श्चर चिकटव." पण कार्डाला ही भाषा कळत नाही. त्याच्या कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा लिहिला की त्रिकोण उमटतो, हे फक्त ते बनवणाऱ्याला ठाऊक. या दोघांमधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. दुभाष्या फक्त विंडोजवाल्यांकडे नोकरीला असेल, तर बाकीच्यांनी हातवारे करत बसायचं.

लिनक्सच्या बाजूने पहिला दुभाष्या तयार झाला तो एका माणसाच्या फावल्या वेळात. ब्रायन पॉलने ऑगस्ट १९९३ मध्ये ओपनजीएलसारखी एक लायब्ररी लिहायला घेतली. ओपनजीएल सिलिकॉन ग्राफिक्सचं. या गृहस्थाने त्यांना सरळ विचारलं की मी हे इंटरनेटवर वाटू का? त्यांच्या वकिलांशी बोलणी होऊन परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये मेसा १.० आलं. (आज कोणी विचारायला गेलं असतं तर परवानगीऐवजी नोटीस आली असती, असं माझं आपलं मत.) सुरुवातीचं मेसा सगळं सीपीयूवरच करायचं, म्हणजे अचूक पण बैलगाडी. १९९७ मध्ये डेव्हिड बुच्चारेल्लीने त्याला व्हूडू कार्ड जोडलं आणि बैलगाडीला इंजिन लागलं. पण गेम पूर्ण पडदाभरच चालणार आणि बऱ्याचदा रूट म्हणून चालवावा लागणार. आज कोणी गेमला रूट परवानगी मागितली तर सिक्युरिटी टीम अख्खी मेल थ्रेड पेटवेल.

एका कार्डावर एकाच वेळी अनेक प्रोग्रामनी सुरक्षितपणे कसं काढायचं, हा खरा अवघड प्रश्न होता. तो प्रिसिजन इनसाइट नावाच्या छोट्या कंपनीने सोडवला, पैसे रेड हॅट आणि सिलिकॉन ग्राफिक्सचे. कर्नलमध्ये एक छोटा रखवालदार बसवला, तो कार्डाची पाळी ठरवतो, आणि बाकीचं काम प्रोग्राम थेट करतो. त्या रखवालदाराचं नाव डीआरएम. (गाणी-सिनेमांना कुलूप लावणारं डीआरएम वेगळं. नावं ठेवताना कोणीतरी शेजारी विचारत जा रे!) मार्च २००० मध्ये एक्सफ्री८६ ४.० बरोबर ही रचना आली आणि तिचा सांगाडा आजही तोच आहे.

म्हणजे २००० साली सगळं जुळून आलं होतं. आणि नेमकं तेव्हाच लोकी बुडत होती.

लोकी सॉफ्टवेअर ही स्कॉट ड्रेकर या माजी वकिलाने १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेली कंपनी. कल्पना साधी: विंडोजच्या गाजलेल्या गेमचे हक्क विकत घ्यायचे, ते लिनक्सवर आणायचे आणि डब्यात घालून विकायचे. १९९९ मध्ये 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर'ने सुरुवात झाली. माणसं एक नंबर होती. पण गणित बसेना. पोर्ट बाजारात येईपर्यंत मूळ गेमची हवा गेलेली असायची. क्वेक-३ चं तर असं की विंडोजच्या सीडीवरचा डेटा वापरून तो लिनक्सवर खेळता यायचा. मग लिनक्सवाला जवळच्या दुकानातून विंडोजचा डबा आणणार, आणि ती विक्री विंडोजच्या खात्यात! ऑगस्ट २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज आणि जानेवारी २००२ मध्ये टाळं.

लोकीच्या नावाने आजही 'लिनक्सवाले पैसे देत नाहीत' असं ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. एकेक गेम हाताने उचलून आणायचा हा धंदाच मोजक्या गिऱ्हाइकांत परवडणारा नव्हता. पण जाताना लोकीने मागे जे ठेवलं ते बघा. तिथला मुख्य प्रोग्रामर सॅम लँटिंगा. त्याने लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी आज असंख्य गेमच्या पोटात आहे. ओपनएएलची सुरुवातही तिथलीच. लँटिंगा पुढे ब्लिझर्डमध्ये गेला आणि २०१२ मध्ये व्हॉल्व्हमध्ये. त्याच्यावर परत येऊ.

आता एनव्हिडिया. २००० साली त्यांनी लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला. वेगवान, विंडोजच्याच कोडवर बेतलेला, आणि पूर्ण बंद पेटी. सोबत 'एनव्ही' नावाचा एक खुला ड्रायव्हर होता, पण त्याचा कोड मुद्दाम न कळेलसा केलेला, आणि त्यात थ्रीडी नाहीच. घर उघडं, पण आत पावलोपावली कुलपं. यावर स्टेफान मार्शेसाँ या फ्रेंच प्रोग्रामरने २००५ मध्ये नुव्हो प्रकल्प सुरू केला. नावाची कथाही मजेदार. चॅटमध्ये 'एनव्ही' टाइप केलं की त्याचं सॉफ्टवेअर आपोआप 'नुव्हो' करायचं, म्हणजे फ्रेंचमध्ये नवा. तेच नाव ठेवलं.

यांनी काम कसं केलं, ते मला फार आवडतं. एक छोटा प्रोग्राम. तो बंद ड्रायव्हरला सांगणार, एक त्रिकोण काढ. त्याआधीची कार्डाची अवस्था टिपायची, नंतरची टिपायची आणि फरक बघायचा. मग फक्त रंग बदलून तेच. कोणता आकडा बदलला? तो रंगाचा. असं हजारो वेळा. एकट्याकडे सगळी कार्डं कुठून असणार? म्हणून जगभरातले लोक आपापल्या कार्डावर हा प्रोग्राम चालवून निकाल पाठवायचे. मोडी लिपी न शिकता, केवळ जुनी कागदपत्रं शेजारी-शेजारी ठेवून वाचायला शिकण्यासारखा हा प्रकार. पाच वर्षांत, फेब्रुवारी २०१० मधल्या २.६.३३ कर्नलबरोबर नुव्हो आत आलं.

पण मग कुलूपच बदललं. जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्ड फक्त कंपनीची सही असलेलं फर्मवेअर मानू लागलं. सहीशिवाय नुव्होला कार्डाचा वेग वाढवता येईना. कार्ड सुरू होताना ज्या मंद घड्याळावर असतं तिथेच अडकून राहणार. कोड बरोबर, कार्ड धडधाकट, आणि तरी पहिल्या गिअरमध्ये. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लायनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. त्याला उद्धट म्हणणाऱ्यांनी त्यानंतरची ही दोन-तीन वर्षं बघावीत.

(आम्हाला कॉलेजात सिनियर लोकांनी एक मंत्र दिला होता: लिनक्स टाकताना पडदा काळा पडला की ग्रबमध्ये 'नोमोडसेट' लिहायचं. तो काय करतो हे देणाऱ्यालाही माहीत नसायचं. तर तो कर्नलला सांगतो की पडद्याची मापं ठरवायच्या भानगडीत तू पडू नकोस.)

दुसरीकडे एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली. त्यांचा जुना बंद ड्रायव्हर, एफजीएलआरएक्स, हा लिनक्सवाल्यांच्या शिव्यांचा हक्काचा धनी होता. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली आणि कार्डांची कागदपत्रं उघड करायचं जाहीर केलं. लगेच काही झालं नाही, बरीच वर्षं दोन्ही ड्रायव्हर अर्धेच होते. २०१५ मध्ये ४.२ कर्नलबरोबर एएमडीजीपीयू आला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आणि मग व्हॉल्व्ह. स्टीम दुकानाचे मालक गेब न्यूएल, स्वतः माजी मायक्रोसॉफ्टवाले. विंडोज ८ आपल्या पोटातच दुकान घेऊन येतंय म्हटल्यावर त्यांना घाम फुटला. जुलै २०१२ मध्ये त्यांनी विंडोज ८ ला पीसी जगतावरचं संकट म्हटलं आणि लिनक्सकडे मोर्चा वळवला. 'लेफ्ट फोर डेड २' लिनक्सवर आधी सेकंदाला फक्त ६ फ्रेम देत होता. ड्रायव्हरवाल्यांना शेजारी बसवून काम केल्यावर ३१५ वर गेला. त्याच मशिनवर विंडोज ७ चा आकडा होता २७०.६. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर अधिकृतपणे आलं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेली स्टीम मशिन मात्र आपटली. कारण? पुन्हा लोकीचंच. गेम कंपन्यांनी पोर्ट करावं, ही अपेक्षा.

सुटका झाली ती उलट बाजूने. वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा थर, १९९३ पासून चालू होता. अडायचं ते डायरेक्ट थ्रीडीपाशी. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हल्कन आलं. ओपनजीएलमध्ये ड्रायव्हरला गेमच्या मनातलं ओळखावं लागतं, व्हल्कनमध्ये गेमच सगळं सविस्तर सांगतो. त्यामुळे त्यावर भाषांतराचा थर चढवला तरी फार वेग जात नाही. हे कोणी सिद्ध केलं? फिलिप रेबोले नावाच्या तरुणाने, कारण त्याला 'नियर: ऑटोमाटा' लिनक्सवर खेळायचा होता! त्याच्या डीएक्सव्हीकेवर व्हॉल्व्हची नजर गेली, त्याला कामावर घेतलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून प्रोटॉन आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक. आत लिनक्स, एएमडीची चिप, मेसाचे ड्रायव्हर आणि लँटिंगाची एसडीएल. गेम कंपन्यांना विचारायची गरजच उरली नाही.

अँटी-चीटवाले ऑनलाइन गेम अजून रुसलेले आहेत. एपेक्स लेजंड्सने तर चालत असलेला पाठिंबा २०२४ मध्ये काढून घेतला. तो भांडणाचा विषय वेगळा, पुढच्या एखाद्या रविवारी.

एनव्हिडियानेही मे २०२२ मध्ये कर्नलमधला भाग खुला केला, पण ट्युरिंग म्हणजे २०१८ पासूनच्या कार्डांसाठीच. मधली पिढी लोंबकळलीच. २०१६ मधलं जीटीएक्स १०६० घ्या. आपल्याकडे कितीजणांनी पहिल्या पगारातून घेतलं असेल! त्याच्यासाठी बंद ड्रायव्हरची ५८० ही मालिका शेवटची ठरली, आणि नुव्होवर ते पहिल्या गिअरमध्ये. त्याच्याही चार वर्षं आधीच्या एएमडी कार्डांवर मात्र २०२५ मध्येही काम चालू होतं, जुन्या ड्रायव्हरवरून एएमडीजीपीयूवर आणायचं. करणारे कोण, तर व्हॉल्व्हचे लोक, ज्यांचा त्या कार्डांच्या विक्रीतून एक पैसाही सुटत नाही. कोड समोर होता, म्हणून केलं.