ओंजळीचे माप

आपल्याकडच्या जुन्या घरांत कणगीशेजारी चिपटे-मापटे असे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही मापे देण्याघेण्याची. पायली गावोगाव निराळी. मोठीने घ्यावे, लहानीने द्यावे, यात गरिबाचा घास जाई. म्हणून १९५६ चा वजनमापांचा कायदा हवाच होता. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला.

जेवणाचे माप मात्र कधीच बाजाराचे नव्हते. चरकसंहितेने देहातील द्रव मोजले ते ज्याच्या त्याच्या ओंजळीने, आणि आहाराची मात्रा सोपवली ज्याच्या त्याच्या अग्निबलावर. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पिले : दोन अन्नाला, एक पेयाला, एक वायूसाठी मोकळा. लेकराची ओंजळ लहान, नांगर धरणाऱ्याची मोठी. माप देहाबरोबरच वाढते.

घरची बाई याच हिशेबाने माणशी मूठ धरून तांदूळ वैरी. पण सर्वांमागून जेवणाऱ्या तिच्या पानात पडे ते उरलेले. पोटाचे माप शास्त्राने सांगितले, पानाचे घराने ठरवले. तराजू सरकारने सुधारला. ही शेवटची मूठ पुरी भरणे घराच्याच हाती आहे.