'सर्व हक्क स्वाधीन' : पण सर्व म्हणजे किती?

मराठी पुस्तक उघडलं की सुरुवातीच्या पानांत कुठेतरी 'सर्व हक्क स्वाधीन' असं छापलेलं दिसतं. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. आज जरा तिथेच थांबूया, कारण यातला 'सर्व' हा शब्द कायद्याच्या दृष्टीने कधीच पूर्ण खरा नव्हता. कॉपीराइटचा कायदा जन्मला तेव्हापासून त्यात वाचकाचा वाटा ठेवलेला आहे. तो वाटा कागदावर कसा टिकला आणि पडद्यावर आल्यावर त्याचं काय होतंय, एवढाच आजचा विषय.

सुरुवात इंग्लंडमध्ये होते. 1710 साली राणी ॲनच्या काळातला कायदा अमलात आला. त्याच्या नावातच विद्येला उत्तेजन हा हेतू सांगितलेला होता. नव्या पुस्तकाला 14 वर्षं संरक्षण. लेखक तेव्हा हयात असेल तर आणखी 14. म्हणजे मुदत ठरलेली. लंडनच्या बड्या पुस्तकविक्रेत्यांना मात्र हक्क कायमचा हवा होता. एडिंबराचा डोनाल्डसन जुनी पुस्तकं छापून स्वस्तात विकायचा. त्याच्याशी त्यांचं भांडण थेट लॉर्डांच्या सभागृहापर्यंत गेलं. 1774 मध्ये निकाल लागला की छापील पुस्तकावरचा हक्क मुदतीपुरताच. मुदत संपली की पुस्तक सगळ्यांचं.

आता आपल्याकडे येऊ. 1911 चा ब्रिटिश कायदा काही फेरफार करून 1914 मध्ये हिंदुस्थानात लागू झाला. मुदत झाली लेखकाचं आयुष्य आणि पुढे 50 वर्षं. पण त्या फेरफारांत एक फार महत्त्वाची गोष्ट होती. इथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या भाषांतराचा हक्क फक्त 10 वर्षं राखीव राहायचा. त्या अवधीत लेखकाने स्वतः किंवा परवानगी देऊन एखाद्या भाषेत भाषांतर काढलं नाही, तर त्या भाषेपुरतं दार सगळ्यांना उघडं. म्हणजे कलकत्त्यात निघालेल्या बंगाली कादंबरीचं 10 वर्षांत मराठी भाषांतर आलं नाही, तर पुढे ते कोणीही करावं. इतक्या भाषांच्या देशात पुस्तक एका भाषेत अडकून पडू नये, अशी ही सोय होती.

त्याच काळातला एक खटला आपल्या मुंबईचा आहे. सर टॉमस नॉर्थने 1579 मध्ये प्लुटार्कची चरित्रं इंग्रजीत आणली होती. त्यातलं अलेक्झांडरचं चरित्र मॅकमिलन कंपनीने संक्षिप्त करून, टिपा जोडून शाळांसाठी काढलं. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या शालेय पुस्तकांच्या प्रकाशकांनीही तसंच पुस्तक काढलं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं आणि 1923 मध्ये निकाल आला. नॉर्थच्या मजकुरातले उतारे निवडून जोडले, एवढ्यावर मॅकमिलनला त्या मजकुराचा हक्क मिळत नाही. टिपा मात्र त्यांनी मेहनतीने, विद्वत्ता वापरून लिहिल्या होत्या. त्या कूपरना उचलता येणार नाहीत. दोघांनाही थोडं मिळालं, थोडं गमवावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर 1957 चा कायदा आला, तोच दुरुस्त्यांसह आजही चालतो. अमेरिकेत याला 'फेअर यूज' म्हणतात आणि तिथलं न्यायालय चार कसोट्या लावून पाहतं. आपल्या कायद्याची रीत वेगळी. कलम 52 मध्ये यादीच दिलेली आहे : खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा, वृत्तांकन, आणि शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल. हे हक्कभंग धरले जात नाहीत.

मुदत मात्र वाढत गेली. रवींद्रनाथ ठाकूर 1941 मध्ये गेले, म्हणजे 1991 अखेर त्यांचं साहित्य मुक्त व्हायचं होतं. त्या सुमारास कायदा बदलून 50 ची 60 वर्षं केली. त्याचा परिणाम मराठीवरही झाला. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. जुन्या हिशेबाने 'श्यामची आई' 2001 च्या 1 जानेवारीला सगळ्यांची झाली असती. ती झाली 2011 च्या 1 जानेवारीला. दहा वर्षं ऐकायला थोडी वाटतात. पण तेवढ्यात शाळेची एक आख्खी पिढी पुढे निघून जाते.

आता झेरॉक्सच्या दुकानात जाऊ. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर दावा लावला. वेगवेगळ्या पुस्तकांतली नेमलेली पानं एकत्र बांधून दुकान 'कोर्सपॅक' विकायचं. प्रकाशकांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं : पुस्तक तयार करायला पैसा लागतो, तो कुठून यायचा? पण विद्यार्थ्याचंही पाहा. पुस्तक तो निवडत नाही, अभ्यासक्रम निवडतो. एकेका प्रकरणासाठी दहा महागडी पुस्तकं त्याने कशी घ्यायची?

16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, समाजाची बौद्धिक वाढ व्हावी म्हणून तो दिलेला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेतलेलं चालतं, तर यंत्राने केल्यावर तोच गुन्हा कसा? डिसेंबरमध्ये खंडपीठानेही तत्त्व मान्य केलं. कोर्सपॅकमधला मजकूर अभ्यासाला आवश्यक होता का, एवढं तपासायला सांगितलं. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

वाचक जिंकला, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण खरी अडचण इथूनच सुरू होते. झेरॉक्स काढायला ग्रंथालयाच्या फडताळात पुस्तक असावं लागतं. आज ग्रंथालय पुष्कळदा पुस्तक किंवा नियतकालिक विकत घेत नाही, ठरावीक काळासाठी वाचण्याचा परवाना घेतं. वर्गणी थांबली की पडदा बंद. 2012 च्या दुरुस्तीने डिजिटल कुलपं तोडणं गुन्हा ठरवलं. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी सूटही ठेवली. पण किल्ली देण्याची सक्ती कोणावर आहे? कलम 52 तुम्हाला नक्कल करू देतं. ते तुम्हाला पुस्तक आणून देत नाही.

म्हणूनच 2020 च्या डिसेंबरमध्ये एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी सायहब आणि लिबजेनविरुद्ध दिल्लीत दावा लावला, तेव्हा तो नुसता चोरीचा प्रश्न राहिला नाही. लोक त्या वाटेने का गेले, हेही विचारावं लागलं. 2024 मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना याचा मोठा आधार आहे. पण ही वर्गणी आहे, दरवेळी भरावी लागणारी. आणि तालुक्याच्या गावचा शाळामास्तर, निवृत्त प्राध्यापक, कुठल्याच संस्थेत नसलेला अभ्यासक, हे त्या दाराबाहेरच राहतात.

तीनशे वर्षांत आपण काय मिळवलं? नक्कल करण्याची मुभा. आता नक्कल सोपी झाली आणि पानापर्यंत पोचणं अवघड. तेव्हा पुढचा कायदा लिहिला जाईल, त्या वेळी आपण मागायची गोष्ट बदलावी लागेल. ग्रंथालयाने पैसे मोजून घेतलेलं डिजिटल पुस्तक छापील पुस्तकासारखंच त्याच्याकडे राहावं, आणि दारातून आत येणाऱ्या कोणालाही ते वाचता यावं. इतकं साधं मागणं आहे. छापील पुस्तकाच्या बाबतीत ते कोणाला मागावंही लागलं नव्हतं.