वर्षावास ते वर्षाविहार : मावळच्या पाहुण्यांचा इतिहास

मावळ तालुक्यात तळेगावच्या उत्तरेला नवलाख उंबरे नावाचे गाव आहे. यातील उंबरे म्हणजे घरांचे उंबरठे की उंबराची झाडे, यावर भाषेच्या अभ्यासकांना वाद घालता येईल. त्याच परिसरातील सुदुंबऱ्याचे नाव पाहिले, तर आम्हांला झाडाचे पारडे जड वाटते. ‘नवलाख’ हे विशेषण मात्र निःसंशय वैभवाचे आहे. असे नाव मिरवणारे हे गाव सहलीच्या पुस्तिकांत सहसा आढळत नाही. तेथून तासाभराच्या अंतरावर असलेले लोणावळा-खंडाळा मात्र प्रत्येक पुस्तिकेत असते. एकाच तालुक्यातील एक गाव ‘स्थळ’ होते आणि दुसरे नुसते गाव राहते, हे कसे घडते?

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्हांला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. प्रवासाचा इतिहास बहुधा पाहुणा लिहितो. यजमान लिहीत नाही; फार तर तो ठिकाणांना नावे देतो, आणि ती नावेही पुढे पाहुणा बदलतो. मावळात हा पाहुणा किमान दोन हजार वर्षे येत आहे.

त्याचा फार जुना लेखी पुरावा कार्ल्याच्या लेण्यात आहे. चैत्यगृहाच्या खांबांवर दात्यांची नावे गावांसह कोरलेली आहेत. त्यांत सोपाऱ्याचा दाता आहे आणि धेनुकाकटचे यवनही आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तर हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले. (आजच्या हॉटेलांच्या जाहिराती त्यापुढे विनयशील वाटाव्यात!) कोकणची बंदरे आणि देशावरची नगरे यांना जोडणाऱ्या घाटवाटेवर ही लेणी आहेत, तेव्हा दात्यांची ही यादी म्हणजे त्या वाटेवरच्या वर्दळीचीच नोंद ठरते.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा लेख उषवदाताचा आहे. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने वलूरक येथील, म्हणजे याच कार्ल्याच्या, लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले. हे दान पंथभेद न करता, वर्षावास करणाऱ्या सर्वांसाठी होते. भिक्षू एरवी फिरता. पावसाळ्यात मात्र त्याने एका जागी थांबायचे. त्याच्या या मुक्कामाचा खर्च एका गावाच्या उत्पन्नातून भागणार होता. पुढे सातवाहनांचे राज्य येताच हेच गाव भिक्षूंना पुन्हा दिल्याचा लेखही तेथेच कोरला गेला. राज्ये बदलली, दाते बदलले. धान्य पिकवणारे करजिकचे शेतकरी मात्र दोन्ही लेखांत निनावी आहेत. पाहुण्याच्या विसाव्यामागे यजमानाचे श्रम असतात, ही गोष्ट मावळच्या इतिहासात इतक्या लवकर दगडावर कोरली गेली आहे.

जुन्या मराठीत प्रवासाला शब्दांची वाण नव्हती. यात्रा, वारी, मुलूखगिरी, मोहीम, मुशाफिरी हे सारे शब्द होते आणि यांतील बहुतेकांच्या पोटी काही ना काही प्रयोजन होते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते यज्ञातील दक्षिणेच्या आशेने. त्यांचे ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झाले १९०७ साली. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांनी तळे आणि महादेवाचे मंदिर बांधले, ते वाटसरूला पाणी आणि देवदर्शन मिळावे म्हणून. त्या तळ्याकाठी कोणी नुसती हवा खायला येईल, ही कल्पना नानांच्या हिशेबी डोक्यात आली असेल असे वाटत नाही.

ती कल्पना घेऊन आला इंग्रज. मारिया ग्रॅहमने १८०९ साली हा घाट चढून कार्ले पाहिले आणि १८१२ साली आपले वर्णन छापले. १८२५ साली बिशप हेबर येऊन गेला. त्यांच्या लेखी दरी ही पाहण्याची वस्तू होती. मावळच्या माणसाच्या लेखी ती उतरण्याची वा चढण्याची वाट होती, क्वचित शत्रूला कोंडण्याची जागा. १६६१ साली कारतलबखानाची फौज याच डोंगरांतून कोकणात उतरताना उंबरखिंडीत अडकली, तेव्हा दाट रानाचे सौंदर्य तिला कितपत भावले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तरीही खंडाळ्याला ‘स्थळ’ केले ते दृश्याने नव्हे, थांब्याने, असे आमचे मत आहे. १० नोव्हेंबर १८३० रोजी सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १४ जून १८५८ रोजी पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली. पण घाटातील लोहमार्ग पूर्ण व्हायला १८६३ साल उजाडले. मधली पाच वर्षे मुंबईचा उतारू खालच्या गाडीतून उतरे, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढे आणि खंडाळ्याला वरची गाडी धरी. जेथे सक्तीने थांबावे लागते, तेथे हौसेने थांबणेही हळूहळू सुरू होते. बंगले आले, आरोग्यभुवने आली, आणि मराठीत ‘हवापालट’ हा शब्द रुळला. तो ऐकताना आम्हांला नेहमी वाटते, की हवा पालटायची तर आधीची हवा बिघडलेली असावी लागते. खंडाळ्याची थंड हवा ही मुंबईच्या गिरण्यांच्या धुराची दुसरी बाजू होती.

त्या लोहमार्गाचा हिशेबही येथे मांडायला हवा. पंचवीस बोगदे, सदतिसास एक असा चढ, आणि १८६१च्या सुमारास कामावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर. थकलेल्या मजुरीवरून १८५९ साली दंगा झाला. त्याच वर्षी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे नेले. अ‍ॅलिसचे नाव आज कौतुकाने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पटकीने मेलेल्या मजुरांची नावे मात्र करजिकच्या शेतकऱ्यांच्याच पंक्तीला जाऊन बसली.

१ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली, ती आरंभी आठवड्याच्या सुटीपुरतीच. ‘शनिवार-रविवार’ हा जोडशब्द मुंबईकराच्या तोंडी सणासारखा येऊ लागला, त्यात या गाडीचा वाटा असावा. तोवर थंड हवेच्या ठिकाणांचा हंगाम म्हणजे उन्हाळा. पावसाळा हा हवा खाणाऱ्यांनी टाळायचा काळ होता. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत हा हंगाम पुरता उलटा फिरला. आता गर्दीचा कळस होतो तो जून ते ऑगस्टमध्ये. ‘वर्षाविहार’ हा शब्दही आता रुळला आहे. ‘वर्षावास’ आणि ‘वर्षाविहार’ यांत ऋतू एकच आहे. पण भिक्षू पावसात थांबत असे, ते वाटेवरच्या जिवांना आणि उगवत्या पिकाला पायदळी न तुडवण्यासाठी. आजचा पाहुणा नेमका त्याच वेळी बाहेर पडतो.

आणि हीच मावळात भातलावणीची वेळ असते. चिखलणी झालेल्या खाचरांत गुडघाभर पाण्यात वाकून बायका रोपे लावत असतात. ज्याच्या सुवासाची पाहुणा जेवताना तारीफ करतो, तो इंद्रायणी तांदूळ याच खाचरांतला. वर्षातील सर्वांत कष्टाचे आठवडे यजमानाचे, सर्वांत सुखाचे आठवडे पाहुण्याचे, आणि दोघांसाठी रस्ता एकच. दुधाची गाडी आणि दवाखान्याची गाडी त्याच रांगेत अडकते. गर्दीवर अनेकांचे पोट चालते, हेही खरे. भाजलेले कणीस विकणारी बाई बहुधा याच तालुक्यातली असते. म्हणून ‘पर्यटन वाईट’ असा सोपा निकाल आम्ही देणार नाही. चैत्रात एकवीरेला येणारे कोळी बांधवही हजारोंनी येतात. पण ते कुलदेवतेकडे येतात, दरवर्षी येतात, आणि त्यांच्या येण्याला नात्याचा धाक असतो. वर्षाविहाराला तसे नाते नाही.

नावांचेच पाहा. नागफणीच्या सुळक्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले आणि तो ‘ड्यूक्स नोज’ झाला. त्याच नाकाने पुढे हॉटेललाही नाव पुरवले. १८३०च्या रस्त्यावरील पुलावर डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात लागली, आणि तो पूल ‘अमृतांजन पूल’ म्हणूनच सर्वतोमुखी झाला. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस असताना, तो सुरुंगाने पाडला. रेल्वेच्या पाण्यासाठी बांधलेले भुशीचे धरण तर ‘धरण’ म्हणून आज कोणाच्या लक्षातही येत नाही. पायऱ्यांवरून वाहणारे पाणी म्हणजेच भुशी. त्या धरणामागच्या ओढ्यात ३० जून २०२४ रोजी पुण्याच्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले.

नवलाख उंबऱ्यापासून फार दूर नाही ते इंदुरीजवळचे कुंडमळा. तेथे इंद्रायणीवर एक अरुंद लोखंडी पूल होता, तो गावकऱ्यांना शेताकडे ये-जा करण्यासाठी. १५ जून २०२५ हा रविवार होता. नदी पाहायला आलेली गर्दी पुलावर थांबली, पूल कोसळला, चार जण मृत्युमुखी पडले. जाण्यायेण्यासाठी केलेल्या वाटेवर पाहणारे थांबले, म्हणजे खंडाळ्याला जे झाले तेच येथे झाले; मात्र हा थांबा पुलाला पेलला नाही. बातम्यांत त्या दिवशी ‘पर्यटनस्थळ’ हा शब्द वारंवार आला. ज्यांची शेते पलीकडच्या काठाला आहेत, त्यांचा तो पूल होता.

नवलाख उंबऱ्याला असा पाहुणा आला नाही. तेथे आली ती तळेगावची औद्योगिक वसाहत, आणि तिच्या भूखंडांच्या पत्त्यांत गावाचे नाव छापले जाऊ लागले. दूरदेशीच्या मोटार कंपन्यांच्या कागदपत्रांत आज ‘नवलाख उंबरे’ ही अक्षरे आहेत, इंग्रजी लिपीत आणि बहुधा चुकीच्या उच्चाराने. गावात मात्र अजून त्याला नुसते उंबरेच म्हटलेले ऐकू येते.