चिखलवाटेवरून परतलेल्या वाहनाची निगा

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात महाराष्ट्राच्या सीमेलगत तामसी हे मंडलाचे गाव आहे. हा सारा टापू कापसाच्या काळ्या जमिनीचा. या मातीला मराठीत ‘रेगूर’ असेही म्हणतात आणि तो शब्द मूळ तेलुगूतून आला आहे. पावसाळ्यात अशा जमिनीतील गाडीवाटेने गेलेले चारचाकी-चालनाचे वाहन परतते तेव्हा त्याची चाके, पाटे आणि मडगार्डांचे आतले भाग मातीने लिंपून गेलेले असतात. आपल्या गोव्यात जांभ्या दगडाची तांबडी माती आहे. २०१४ पासून येथे भर पावसात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा भरू लागली, तर कुळे येथील जीपगाड्या दूधसागरच्या वाटेवर पर्यटकांना घेऊन ओहोळ ओलांडतात. अशा प्रवासानंतर वाहनाची निगा कशी राखावी, याची ही माहिती.

मातीचा स्वभाव

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. म्हणूनच ही माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी कठीण होते. तिच्या बाबतीत एकच नियम महत्त्वाचा, तो म्हणजे चिखल वाळण्यापूर्वी धुवावा. जांभी माती तितकी चिकटत नाही, पण तिच्यात लोहयुक्त खरखरीत कण असतात. कोरड्या फडक्याने पुसल्यास हे कण रंगावर ओरखडे काढतात. म्हणून आधी भरपूर पाणी सोडून कण वाहून जाऊ द्यावेत, मगच फडके लावावे.

धुण्याचा क्रम

वाहन थांबताच पाणी मारू नये. ब्रेकच्या तबकड्या, सायलेन्सर आणि टर्बोचार्जर तापलेले असतात. त्यांवर गार पाणी पडल्यास धातू वाकण्याची वा तडकण्याची भीती असते. अर्धा तास गाडी सावलीत निवू द्यावी.

धुण्याची सुरुवात खालून करावी. मडगार्डांचे आतले कोपरे, पाट्यांच्या फटी, इंधनटाकीची वरची बाजू आणि चासीच्या पोकळ पट्ट्या या चिखल साचण्याच्या जागा होत. पट्ट्यांना पाणी निथळण्यासाठी ठेवलेली भोके बुजली, तर ओली माती आत महिनोन्‌महिने राहते आणि चासी आतून गंजते. समुद्रकाठच्या दमट हवेत हा गंज अधिक वेगाने पसरतो. रिमच्या आतल्या बाजूला एकीकडे गोळा चिकटून राहिला तर चाकाचा तोल जातो आणि महामार्गावर वेग घेताच सुकाणू थरथरू लागते. पुष्कळदा हा दोष चाकांच्या जुळणीचा समजून खर्च केला जातो.

जोरदार फवाऱ्याचे यंत्र उपयुक्त असले तरी त्याची धार बेअरिंगचे सील, विजेची जोडणी आणि अल्टरनेटर यांवर रोखू नये. रेडिएटरला तर नळाचीच हलकी धार द्यावी, तीही इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने. त्याची पातळ पाती वाकली की हवा खेळत नाही आणि इंजिन तापू लागते.

चासीवर डिझेल किंवा जळके तेल फवारून घेण्याची पद्धत अनेक गॅरेजांत आहे. त्याने लोखंड काही दिवस चकाकते, पण रबरी बुश फुगून निकामी होतात. गंजरोधक लेप द्यायचा तर तो स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या पृष्ठभागावरच द्यावा.

ब्रेक, तेल आणि हवा

बऱ्याच वाहनांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रममध्ये शिरलेली माती आपोआप बाहेर पडत नाही, ती सहाणेसारखी लायनिंग झिजवते. खोल चिखलातून गेल्यास ड्रम उघडून साफ करावेत. धुतल्यावर मोकळ्या जागी सावकाश चालवून ब्रेक हलकेच वारंवार दाबावा, म्हणजे पाणी सुकते. त्या रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण ओले लायनिंग ड्रमला चिकटून बसते. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा द्यावा.

ओहोळ ओलांडल्यावर डिफरन्शियलचे तेल अवश्य पाहावे. प्रवासात तापलेली पेटी अचानक गार पाण्यात बुडाली की आतील हवा आकसते, आणि श्वासनळी बुजलेली असल्यास सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेलाला दुधाळ चहासारखा रंग आला असेल तर ते त्वरित बदलावे. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांनाही हाच नियम लागू आहे. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये जुने मळकट ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस भरावे. चाकांजवळचे रबरी बूट फाटले आहेत का, तेही तपासावे, कारण एका छोट्या चिरेतून शिरलेली माती सांधा संपवते.

हवेचा कागदी फिल्टर धुवू नये, भिजला असल्यास नवा बसवावा. पाण्यात इंजिन बंद पडले असेल तर स्टार्टर मारण्याचा मोह टाळावा. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी हानी साध्या विम्यात सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन-संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

टायरमधील हवा चिखलासाठी कमी केली असल्यास डांबरी रस्त्यावर येताच ती पूर्ववत करावी. टायरच्या बाजूंवरील चिरा पाहाव्यात आणि चाकांचे नट पुन्हा आवळावेत.

धुवावे कोठे?

शेतवाटेवरून मुख्य रस्त्यावर येताना चाकांवरचे गोळे कडेला खरवडून टाकावेत. डांबरावर पडलेली ओली माती मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला घसरवते. चिखलाबरोबर गाजरगवतासारख्या तणांचे बीही प्रवास करते, म्हणून शक्य तितका चिखल जिथला तिथेच राहावा.

नदीत वा ओहोळात उभे करून वाहन धुणे मात्र सर्वथा टाळावे. कुळ्याजवळून वाहणारी दूधसागर नदी पुढे खांडेपार नदीला मिळते आणि याच खांडेपारवरील ओपा जलप्रकल्पातून फोंडा व तिसवाडी तालुक्यांना पिण्याचे पाणी जाते. गाडीखालून निथळलेले ग्रीस आणि तेल त्याच प्रवाहात मिसळते. वाहन घरी किंवा धुलाई केंद्रावर, सांडपाणी गाळून सोडण्याची सोय असलेल्या जागी धुवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली वाकून तेलाचे ताजे डाग पडले आहेत का ते पाहावे, आणि पहिले चार-पाच किलोमीटर ब्रेकचा अंदाज घेत सावकाश जावे.