काविळीनं गेला

माझा मामा १९७८ साली माझगाव डॉकमधली नोकरी सोडून बहारीनला गेला. हिद्दजवळ अस्री ही जहाजदुरुस्तीची गोदी आदल्याच वर्षी सुरू झाली होती आणि तिथे फिटर, वेल्डर हवे होते. पुढे इराण-इराक युद्धात तेलवाहू जहाजांवर मारा सुरू झाला, तेव्हा भोकं पडलेली, जळून काळी झालेली जहाजं या गोदीत दुरुस्तीला यायची. मामाच्या बहारीनच्या गोष्टी बहुतेक या जहाजांच्याच. पण एक गोष्ट तो वेगळ्या आवाजात सांगायचा. ती होती लेन बायस नावाच्या अमेरिकन मुलाची. मामानं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मामा भायखळ्याच्या चाळीत वाढला. मुंबईत इतरत्र पोरं क्रिकेट खेळत, पण शेजारच्या नागपाड्यात बास्केटबॉलचं वेड होतं. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे नेबरहुड हाउस उभं केलं होतं. गरीब वस्तीतल्या मुलांना खेळायला जागा मिळाली आणि त्याच गल्ल्यांतून भारताचा कर्णधार अब्बास मुंतसिर निघाला. १९७० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मामा ऐन उमेदीत होता. बहारीनला गेल्यावर त्याला मोठा आनंद झाला तो याचा, की तिथेही या खेळाला गर्दी लोटायची. मनामा, मुहर्रक, अहली या क्लबांचे सामने असले की पाळी संपवून, अंगाला ग्रीसचा वास असतानाच तो जायचा.

त्याच्या खोलीवर रत्नागिरीकडचा एक जण होता. तो जुफेरला अमेरिकन आरमाराच्या तळावर भांडारात कामाला. तिथल्या खलाशांकडून तो बास्केटबॉलच्या बातम्या आणायचा. १९८६ च्या जूनमध्ये त्यानं आधी आनंदाची बातमी आणली, आणि दोन-तीन दिवसांत दुसरी.

"अरे, निवड होऊन दोन दिवस झाले नव्हते," मामा सांगायचा. "दोन दिवस!"

ते अक्षरशः खरं होतं. पुढे मी मिळेल तिथून वाचून काढलं. लिओनार्ड बायस मेरीलँड राज्यातल्या लँडओव्हरचा. उंची सहा फूट आठ इंच. मेरीलँड विद्यापीठाकडून खेळताना १९८५ आणि १९८६ अशी सलग दोन वर्षं तो आपल्या विभागातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंच उडी घेऊन हवेतल्या हवेत चेंडू सोडायची त्याची लकब पाहून लोक त्याची तुलना मायकेल जॉर्डनशी करत. १७ जून १९८६ ला बोस्टन सेल्टिक्स या त्या वर्षीच्या विजेत्या संघानं त्याला देशातल्या सगळ्या मुलांत दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. दुसऱ्या दिवशी तो वडिलांबरोबर बोस्टनला गेला, बुटांच्या कंपनीशी बोलणी केली आणि रात्री परत आला. घरी थांबला असता, तर आईबापांजवळ झोपला असता. तो काही मैलांवरच्या वसतिगृहात मित्रांकडे गेला. पहाटे त्या खोलीत कोकेनची पावडर होती. साडेसहाच्या सुमारास त्याला झटके आले. एका मित्रानं छाती दाबून श्वास द्यायचा प्रयत्न केला, दुसऱ्यानं रुग्णवाहिकेला फोन करून गयावया केली. नऊ वाजायच्या आत सगळं संपलं. वय वर्षं बावीस. बहारीनमध्ये तेव्हा गुरुवारची दुपार कलली होती आणि मामा कपडे धूत असणार.



मामाला या परक्या मुलाचं इतकं का लागलं, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या चाळीत एक मुलगा होता, कॉलेजच्या संघातून खेळायचा. मामानं त्याला बहारीनहून खेळाचे बूट आणून दिले होते. तीच वर्षं मुंबईत गर्द ही हेरॉइनची पूड शिरण्याची. पुढच्या रजेवर मामा आला तर मुलगा नव्हता. त्याची आई दारातच म्हणाली, "काविळीनं गेला." चाळीतल्या प्रत्येकाला खरं कारण ठाऊक होतं आणि प्रत्येकानं मान डोलावली. मामानंही डोलावली. त्या काकूंनी मरेपर्यंत तेच सांगितलं, आणि त्यांच्या जिवाला ते जड झालं असणार, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच मजल्यावरच्या धाकट्या मुलांना कोणी काही सांगितलं नाही.

म्हणून लेनची आई मला फार मोठी वाटते. लोनीस बायस यांनी मुलगा कशानं गेला ते लपवलं नाही. शाळाशाळांतून, तुरुंगांतून त्या बोलत राहिल्या. १९९० च्या डिसेंबरमध्ये लेनचा धाकटा भाऊ जे, तोही बास्केटबॉल खेळणारा, एका मॉलबाहेर गोळीबारात मारला गेला. वय वीस. त्यानंतरही त्या बोलायच्या थांबल्या नाहीत.

त्यांच्या देशानं मात्र लेनच्या मरणाचं भलतंच केलं. कॉलेजच्या सभागृहातल्या श्रद्धांजलीला सुमारे अकरा हजार माणसं आली. कॉलेजात चार वर्षं काढूनही लेनची पदवीसाठी लागणारी श्रेयांकं पूर्ण झाली नव्हती, हे बाहेर आलं. खेळवताना विद्यापीठाला त्याच्या अभ्यासाची आठवण नव्हती. प्रशिक्षक लेफ्टी ड्रिसेल यांना ऑक्टोबरमध्ये पद सोडावं लागलं. पण खरा घोळ राजधानीत झाला. संसदेच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती टिप ओनील बोस्टन भागातले. गावाकडे जाऊन आले, तर जो तो बायसबद्दल बोलत होता. निवडणूक तोंडावर होती. धड सुनावण्याही न घेता काही आठवड्यांत कायदा तयार झाला आणि २७ ऑक्टोबर १९८६ ला रेगन यांनी सही केली. पाच ग्रॅम क्रॅकला, म्हणजे कोकेनच्या ओढायच्या खड्यांना, किमान पाच वर्षं तुरुंग. कोकेनच्या पावडरीला तीच शिक्षा व्हायला पाचशे ग्रॅम लागत. लेन गेला पावडरीनं. शिक्षा कडक झाली ती क्रॅकला, जे गरीब काळ्या वस्त्यांत विकलं जायचं. त्याच्याच वस्तीसारख्या वस्त्यांतली, त्याच्याच रंगाची मुलं वर्षानुवर्षं आत गेली. शंभराला एक हे प्रमाण २०१० मध्ये अठराला एकवर आणलं गेलं. मुळात ते असायलाच नको होतं.

आपणही वेगळे नव्हतो. भारताचा अमली पदार्थविरोधी कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. अल्प प्रमाणापलीकडे गर्द सापडली की किमान दहा वर्षं, ही तरतूद २००१ च्या दुरुस्तीपर्यंत होती. आणि बहारीनसारख्या ठिकाणी परदेशी माणूस सापडला की शिक्षा आणि मग मायदेशी रवानगी. म्हणून तिथे आपली माणसं या विषयावर बोलतच नसत. आजही आवाज खाली करूनच बोलतात.

पण त्याच १९८६ साली पुण्यात निराळी गोष्ट घडली. अनिल अवचटांनी गर्दमध्ये अडकलेल्या मुलांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैशांची मदत देऊ केली. २९ ऑगस्टला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे रुग्णाला पस्तीस दिवस ठेवून घेतात. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक होतात. बायकोला, आईला बोलावून बसवतात, बोलतं करतात. अनिताताई १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या, पण काम थांबलं नाही. चाळीतल्या त्या मुलासाठी मुक्तांगण उशिरा आलं. मामाला हे कळलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा हे असतं तर बुटांच्या पैशांत तिकीट काढून दिलं असतं त्याला पुण्याचं."

आज बहारीनमधली आपली मुलं ईसा टाउनच्या इंडियन स्कूलमधून बारावी झाली की पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत येतात. आईबाप समुद्रापलीकडे. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. फोनवर मार्कांच्या आधी, रात्री कुठे असतोस, कोणाबरोबर असतोस, ते विचारा. काही कानावर आलं तर नातेवाइकांपासून लपवत बसू नका, डॉक्टरकडे किंवा मुक्तांगणात न्या. आणि खोलीत कोणी बेशुद्ध पडला, तर पोलिसांच्या भीतीनं थांबायचं नाही, लगेच १०८ ला फोन करायचा, हे मुलांना आजच सांगून ठेवा.