ऑनलाइन दुकान थाटताना : मंच कोणता निवडावा?

वर्ध्याहून नागपूरच्या दिशेने निघाले, की आठेक किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार लागते. विनोबांचा परंधाम आश्रम आणि १९५९ मध्ये त्यांनी स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर ही या गावाची ओळख. पैशाचा व्यवहारच आयुष्यातून वजा करण्याचा ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग विनोबांनी १९५० च्या सुमारास येथेच केला. त्यामुळे ऑनलाइन दुकानाच्या चर्चेत पवनारचे नाव आलेले पाहून कुणालाही थोडे हसू येईल. परंतु या परिसरातून बाहेर जाणारा माल पाहिला, तर ऑनलाइन विक्रीतले जवळजवळ सर्व पेच त्यात सापडतात. परंधाम प्रकाशनाची विनोबा-साहित्याची पुस्तके, वर्ध्याच्या गोपुरीतील ग्रामसेवा मंडळाची व मगन संग्रहालयाची खादी, समुद्रपूर तालुक्यातील वायगावची, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली हळद. एक वस्तू अगदी स्वस्त, दुसरी मीटरवर विकली जाणारी, तिसरी खाद्यपदार्थ. तिघींना एकच दुकान मानवेल असे नाही.

ऑनलाइन विक्रीसाठी आज प्रामुख्याने तीन मार्ग आहेत. पहिला, अ‍ॅमेझॉन वा फ्लिपकार्टसारख्या ई-बाजारपेठेत आपला माल मांडणे. हे आठवडी बाजारात जागा धरण्यासारखे आहे. गिऱ्हाईक आयते मिळते, पण ते बाजाराचे असते, आपले नव्हे. दुसरा, शॉपिफायसारख्या कंपनीकडून तयार दुकान मासिक भाड्याने घेणे. कॅनडातील ही कंपनी २००६ मध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांना स्नोबोर्ड विकायचे होते आणि मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी ते स्वतःच तयार केले. तिसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स (२०११), मॅजेन्टो (२००८), ओपनकार्ट, प्रेस्टाशॉप ही त्यातली परिचित नावे. ती फुकट उतरवून घेता येतात आणि आपण भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर बसवता येतात. येथे घर आपले. मात्र गळणारे छप्परही आपलेच.

निवड करताना बहुतेक जण दुकानाच्या देखणेपणापासून सुरुवात करतात. सुरुवात खरे तर वस्तूच्या किमतीपासून व्हायला हवी. उदाहरणादाखल साठ रुपयांचे एक पुस्तक घेऊ. पैसे ऑनलाइन स्वीकारणाऱ्या पेमेंट गेटवेचे शुल्क कार्डावरील व्यवहारांना साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे धरले, तर या पुस्तकामागे दीड रुपयाहून कमी जातो. त्याची चिंता नको. शिवाय १ जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय व्यवहारांवर बँकांचे व्यापारी शुल्क नाही; काही गेटवे आपले सेवाशुल्क मात्र घेतात, ते आधी विचारून घ्यावे. खरा बोजा टक्क्यांचा नसतो, ठरावीक रकमांचा असतो. दुकानाचे मासिक भाडे दोन हजार रुपये मानले आणि महिन्याला शंभर मागण्या आल्या, तर प्रत्येक मागणीवर वीस रुपये पडतात. वीसच मागण्या आल्या, तर शंभर, म्हणजे पुस्तकाच्या किमतीहून अधिक. त्यावर टपालखर्च वेगळा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. नऊशे रुपयांच्या खादीच्या कापडावर हेच शंभर रुपये अकरा टक्के होतात. जड जातात, पण पेलतात.

ई-बाजारपेठेचा हिशेबही याच पद्धतीने मांडावा. तेथे मासिक भाडे नसले, तरी विक्रीवरील दलालीखेरीज अनेकदा प्रत्येक नगामागे ठरावीक आकार आणि पोचवणीचा खर्च असतो. हे दर वस्तूच्या प्रकारानुसार वेगळे असतात आणि वरचेवर बदलतात. त्यामुळे ओळखीच्या विक्रेत्याने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा उपयोगाचा नाही.

म्हणूनच केवळ स्वस्त पुस्तके विकणाऱ्याने पहिल्याच दिवशी पूर्ण दुकान उभारण्याच्या फंदात पडू नये. बुकगंगासारख्या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन विक्रेत्याकडे पुस्तके द्यावीत, स्वतःच्या नावाचे एक साधे संकेतस्थळ ठेवावे, त्यावर सूची, किमती, दूरध्वनी क्रमांक आणि यूपीआयची सोय असावी. पाच-सहा पुस्तकांचा संच करून विकला, तर टपालखर्चही आटोक्यात येतो. मागण्या हाताने लिहून घेणे अशक्य होईल, तेव्हा मंचाचा विचार करण्यास वेळ आहेच.

खादीची गोष्ट निराळी. हातमागाचे कापड मीटरवर विकले जाते आणि येथेच अनेक तयार मंच अडतात. त्यांच्या लेखी वस्तू नगांत मोजायची असते. अडीच मीटर हे प्रमाण त्यांना समजत नाही. शॉपिफायमध्ये मूळ रचनेत अपूर्णांकी संख्या चालत नाही, वूकॉमर्समध्ये जोड-सॉफ्टवेअर लावून ती सोय करता येते. सोपा तोडगा असा, की अर्धा मीटर हाच एक नग ठरवावा आणि तसे ठळक लिहावे. हातरंगाईच्या कापडात दोन ताग्यांचा रंग तंतोतंत जुळत नाही. एकाच छायाचित्रावर दहा तागे विकले, की ‘चित्रातला रंग नाही’ म्हणून माल परत येतो. प्रत्येक ताग्याचे वेगळे छायाचित्र आणि ‘शिल्लक एक’ अशी नोंद हे कष्टाचे काम आहे, पण ते टाळता येत नाही. तोच तागा प्रदर्शनात विकला गेला, तर संकेतस्थळावरून त्याच दिवशी उतरवण्याची सोय भ्रमणध्वनीवरून हवी. आणखी एक बाब नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ‘खादी’ हा शब्द कोणीही कोणत्याही कापडाला लावू शकत नाही. २०१३ च्या खादी मार्क नियमनानुसार त्यासाठी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या व्यवस्थेतून प्रमाणपत्र लागते.

हळदीबरोबर कायद्याची कागदपत्रे वाढतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना हवा. पाकीटबंद मालाचे निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता हे तपशील १ जानेवारी २०१८ पासून पाकिटावरच नव्हे, तर संकेतस्थळावरही दाखवावे लागतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची गरज नाही. परंतु त्याच दुकानात हळद पूड ठेवली आणि ती परराज्यात पाठवली, की वीस वा चाळीस लाखांच्या उलाढालीची सवलत संपते. पहिल्या पाकिटापासून नोंदणी आली. ई-बाजारपेठेतून विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून थोडी मोकळीक मिळाली आहे, मात्र ती राज्यांतर्गत विक्रीपुरती. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० हे स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्यालाही बव्हंशी लागू होतात: तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण. मंच निवडताना ही पाने आणि हे रकाने त्यात भरता येतात का, हे पाहावे.

मराठीचा प्रश्न स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. विक्रेते ‘मराठी चालते’ असे सांगतात, तेव्हा बहुधा मराठी मजकूर पडद्यावर दिसतो, एवढाच त्याचा अर्थ असतो. एके काळी मराठी संकेतस्थळे ज्या त्या कंपनीच्या फाँटवर चालत आणि त्यांतला मजकूर शोधयंत्रांना सापडत नसे. युनिकोडने ते दुखणे बरे केले. आता उरलेली दुखणी बारीक आहेत. दुकानाच्या शोधचौकटीत ‘गिताई’ असे ऱ्हस्व लिहिले, तर ‘गीताई’ सापडते का? रोमन लिपीत लिहिले तर? बिलाची पीडीएफ प्रत छापल्यावर ‘वर्धा’मधला रफार जागेवर राहतो, की र् आणि धा वेगळे होतात? पत्त्याच्या चिठ्ठीवर जोडाक्षरे फुटली, तर पार्सल भलतीकडे फिरते. अशा वेळी पिनकोडच तारून नेतो. १९७२ मध्ये सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्याची आणि संस्कृत कवीची देणगी. लिपी आणि गावनावांच्या गोंधळावर त्यांनी काढलेला उपाय ऑनलाइन दुकानालाही पुरतो. पिनकोडचा रकाना सक्तीचा ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न : हा मंच उद्या बंद पडला किंवा परवडेनासा झाला, तर काय घेऊन बाहेर पडता येईल? ही भीती काल्पनिक नाही. बाझी डॉट कॉम हे भारतीय संकेतस्थळ २००४ मध्ये ईबेने घेतले, २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते बंद झाले. तेथे वर्षानुवर्षे सचोटीने व्यापार करून मिळवलेली ग्राहकांची प्रशस्ती दुसऱ्या बाजारात नेता येत नव्हती. छोट्या व्यापाऱ्यांना स्वतंत्र दुकान बांधून देणारी अ‍ॅमेझॉनची वेबस्टोअर ही सेवाही जुलै २०१६ मध्ये थांबली. मुक्त सॉफ्टवेअरलाही वय असते. मॅजेन्टोच्या पहिल्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२० रोजी संपला. दुसऱ्या आवृत्तीत जाणे म्हणजे दुकान नव्याने बांधणेच होते, म्हणून अनेक जण जुन्यावरच राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी सुमारे दोन हजार मॅजेन्टो दुकानांत ग्राहकांच्या कार्डांचे तपशील चोरणारा कोड शिरला. त्यांतली बहुतेक जुन्या आवृत्तीवरची होती. फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरची निगा राखणारा माणूस फुकट मिळत नाही. वर्ध्यात वा नागपुरात असा भरवशाचा माणूस हाताशी असेल, तरच वूकॉमर्सच्या वाटेला जावे. नसेल, तर भाड्याचे दुकान बरे.

सरकारी पुढाकारातून डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसी या जाळ्यामागची कल्पना या अडचणीवरच बेतलेली आहे. विक्रेता एका अ‍ॅपवर आणि ग्राहक दुसऱ्याच अ‍ॅपवर असला, तरी व्यवहार व्हावा, असा तिचा हेतू आहे. तिला पूरक मार्ग मानावे. केवळ तिच्या भरवशावर दुकान उघडू नये.

मंच कोणताही असो, करार करण्यापूर्वी चाचणीच्या मुदतीत दहा वस्तू भराव्यात, ओळखीच्या चार जणांकडून खऱ्या पैशांची खरेदी करवून घ्यावी, एक मागणी रद्द करून पैसे किती दिवसांत परत जातात ते पाहावे. मग वस्तूंची यादी, ग्राहकांची यादी आणि मागण्यांचा इतिहास साध्या तक्त्याच्या फाइलीत उतरवून घ्यावा आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून मराठी अक्षरे शाबूत आहेत का, ते तपासावे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर नोंदवलेले असावे. ते संकेतस्थळ बांधणाऱ्या मुलाच्या ई-मेलवर नोंदवले जाते आणि तो मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यावर नूतनीकरणाची सूचना कुणालाच मिळत नाही, हे छोट्या संस्थांत नेहमी घडते. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी अक्षरांतही नाव घेता येते. ते हौसेने जरूर घ्यावे. परंतु सर्वच ई-मेल सेवा देवनागरी पत्ता नीट स्वीकारत नसल्याने पत्रव्यवहारासाठी रोमन नावही सोबत नोंदवून ठेवावे आणि दोन्हींच्या नूतनीकरणाच्या तारखा हिशेबाच्या वहीत लिहाव्यात.